अर्धवट राहिलेली पदवी क्रेडिट जोडून पूर्ण करायची असेल तर : गोव्यातल्यांसाठी

एसवायपर्यंत कॉलेज केलं, मग बोटीवर कॉन्ट्रॅक्ट मिळालं, हॉटेलात किंवा कॅसिनोत नोकरी लागली, घरात आजारपण निघालं, लग्न झालं आणि पदवी तिथंच अडकली, अशी माणसं गोव्यात वाड्यावाड्यावर आहेत. यातल्या बऱ्याच जणांना अजून वाटतं की आता काही करायचं तर पुन्हा एफवायपासून. तसं राहिलेलं नाही. पास झालेले पेपर क्रेडिटच्या (अभ्यासाचे तास मोजायच्या एककाच्या) रूपात पुढे नेता येतात, काही पेपर घरी बसून शिकून आणि केंद्रावर परीक्षा देऊन भरता येतात, आणि जुनी बॅक, म्हणजे नापास झालेला पेपर, असेल तर कित्येकदा नुसती परीक्षाच द्यायची बाकी असते.

गडबड होते ती क्रेडिटला रोकड समजल्यामुळे. पाचशेची नोट कुठल्याही दुकानात चालते, क्रेडिटचं तसं नसतं. प्रत्येक क्रेडिटचा खण ठरलेला आहे आणि तुमचं क्रेडिट कुठल्या खणात बसतं हे पदवी देणारं विद्यापीठ ठरवतं, तुम्ही नाही आणि कोर्स शिकवणाराही नाही. म्हणून आधी काय उरलंय ते मोजा, मग पदवी कोणाकडून घ्यायची ते ठरवा, त्यांच्याकडून लेखी मान्यता घ्या आणि मगच नवीन कोर्सला हात घाला. लोक नेमकं उलटं करतात. चार सर्टिफिकेटं गोळा करतात आणि मग कॉलेजात जाऊन विचारतात, ‘ही चालतील काय?’

तुम्ही कुठल्या बॅचचे?

सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून इथून सुरुवात.

गोव्यातल्या कॉलेजांत २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणाचा अभ्यासक्रम लागू झाला. त्या वर्षी किंवा त्यानंतर एफवायला बसलेल्यांचा मार्ग सगळ्यात सोपा. पहिल्या वर्षानंतर ४० क्रेडिट आणि उन्हाळी ४ क्रेडिटचा व्यावसायिक कोर्स झाला असेल तर प्रमाणपत्र, दुसऱ्या वर्षानंतर ८० आणि तसेच ४ झाले असतील तर पदविका घेऊन बाहेर पडता येतं. परत यायला तीन वर्षांची मुदत आहे आणि सगळं मिळून सात वर्षांत पदवी पूर्ण करायची असते. ही तीन वर्षं नीट लक्षात ठेवा. बोटीवरची दोन-तीन कॉन्ट्रॅक्टं, मधली सुट्टी, जहाजाची वाट बघण्यात गेलेले महिने असं करत ती मुदत कधी सरते ते तारवट्याला कळतही नाही.

दुसरा गट २०२१-२२ आणि २०२२-२३ च्या बॅचचा. अभ्यासक्रम जुना, पण ॲकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स, म्हणजे एबीसी, या खात्यात २०२१-२२ पासूनची क्रेडिट धरली जातात. तुमच्या कॉलेजनं किंवा विद्यापीठानं ती चढवली आहेत का एवढंच बघायचं.

तिसरा गट त्याआधीचा. यांना एबीसीचा फारसा उपयोग नाही. पण हात टेकायचं कारण नाही, कारण समकक्षता तपासून जुने पेपर मान्य करण्याची कागदी पद्धत एबीसीच्या आधीपासून आहे आणि आजही चालते. फक्त त्यात वेळ जातो आणि जुना सिलॅबस शोधावा लागतो.

उरलंय किती ते मोजा

सगळ्या सेमिस्टरच्या मार्कशीट समोर घ्या, नापासाच्या सुद्धा. एका कागदावर प्रत्येक पेपरचा कोड, नाव, क्रेडिट, ग्रेड आणि वर्ष लिहा. एफ ग्रेडच्या पेपरचं क्रेडिट शून्य, मग त्यात इंटर्नलला कितीही मार्क असोत.

नव्या पद्धतीत तीन वर्षांच्या पदवीला १२० क्रेडिट लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, आराखड्यात ती अशी वाटली आहेत : मेजर (मुख्य विषय) ६०, मायनर (दुय्यम विषय) २४, बहुविद्याशाखीय ९, भाषा-क्षमता ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित ६ ते ८, इंटर्नशिप २ ते ४. वर्गातल्या तासांच्या हिशोबात एक क्रेडिट म्हणजे सत्रात १५ तास शिकवणी किंवा ३० तास प्रॅक्टिकल.

आता एक उदाहरण घेऊ. एका मुलीनं चार सेमिस्टर केली, म्हणजे कागदोपत्री ८० क्रेडिट. पण मेजरचे दोन आणि मायनरचा एक, असे चार-चार क्रेडिटचे तीन पेपर राहिले. हातात खरी क्रेडिट ६८ : मेजर २४, मायनर १२, बहुविद्याशाखीय ९, भाषा ८, कौशल्य ९, मूल्यवर्धित ६. उरली ५२. त्यात मेजर ३६, मायनर १२ आणि इंटर्नशिप ४.

या आकड्यांकडे जरा थांबून बघा. मूल्यवर्धित, कौशल्य, बहुविद्याशाखीय हे लहान खण ऑनलाइन कोर्सनं भरायला सगळ्यात सोपे. पण ते बहुतेक पहिल्या दोन वर्षांतच संपलेले असतात. मध्येच सोडून गेलेल्याला लागतं ते मेजर, आणि मेजरच्या पेपरला बाहेरचा पर्याय मान्य करायला विभाग सगळ्यात जास्त खळखळ करतो. त्या मुलीनं पर्यावरण, योगा आणि डिजिटल मार्केटिंगचे तीन कोर्स केले तर ज्ञान वाढेल, पदवी तसूभर पुढे सरकणार नाही.

तिचा योग्य रस्ता असा : तीन बॅक (१२ क्रेडिट) नुसत्या परीक्षेनं काढायच्या, मायनरच्या उरलेल्या ८ पैकी जेवढं जमेल तेवढं ऑनलाइन कोर्सनं भरायचं, इंटर्नशिप जिथं नोकरी करतेय तिथंच धरता येते का ते कॉलेजला विचारायचं आणि मेजरच्या २८ क्रेडिटसाठी टीवायला रीतसर ॲडमिशन घ्यायची. एका वर्षात हे बसतं.

कागदपत्रं

बारावीची मार्कशीट हरवली असेल तर डुप्लिकेट आल्त-बेती पर्वरीच्या गोवा बोर्डातून काढा. कॉलेजातून ट्रान्सफर सर्टिफिकेट, सगळ्या मार्कशीट आणि गोवा विद्यापीठाचा पीआर नंबर, म्हणजे कायम नोंदणी क्रमांक. पीआर नंबर मार्कशीटवर असतोच, पण फाटलेल्या कागदावरचा आकडा अंदाजानं लिहू नका, कारण एक अंक चुकला तर अर्ज दुसऱ्याच विद्यार्थ्याच्या फायलीत जातो. विद्यापीठ बदलणार असाल तर मायग्रेशन सर्टिफिकेट आणि ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या सेमिस्टरच्या मार्कांचा एकत्र उतारा), हे दोन्ही ताळगाव पठारावरून. मधल्या वर्षांसाठी गॅपचं प्रतिज्ञापत्र लागेल, नोटरीकडून करून घ्या.

सगळ्यात दुर्लक्षित कागद म्हणजे सिलॅबस. पास झालेल्या प्रत्येक पेपरचा, तुम्ही शिकलात त्या वर्षीचा सिलॅबस, कॉलेजच्या शिक्क्यासह. समकक्षता ठरवणारे प्राध्यापक पेपरचं नाव बघत नाहीत, घटक बघतात. ‘अर्थशास्त्राची तत्त्वं’ या एका नावाखाली दोन विद्यापीठांत दोन वेगळे विषय शिकवले जातात. विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आजचा सिलॅबस असतो आणि तुमच्या वर्षाचा तिथं नसेल तर कॉलेजची लायब्ररी किंवा विभागाचं कपाट हाच आधार. सांखळी, खांडोळा, केपे, पेडणे इथल्या सरकारी कॉलेजांत असो की मडगाव-म्हापशाच्या अनुदानितांत, हेडक्लार्कपेक्षा विभागातल्या जुन्या प्राध्यापकांना हे कुठं आहे ते लवकर आठवतं.

मायग्रेशनची घाई मात्र करू नका. ते काढलं म्हणजे तुम्ही गोवा विद्यापीठ सोडलं. उद्या इथंच टीवाय करायचं ठरलं तर परत यायला नव्यानं एलिजिबिलिटी करावी लागते. दुसरीकडून लेखी होकार आल्यावरच तो कागद काढा.

एबीसीचं खातं आणि नावाची भानगड

एबीसीचं खातं डिजिलॉकरमधून आधारवर उघडतं आणि १२ अंकी नंबर मिळतो. हाच नंबर आता अपार आयडी म्हणूनही ओळखला जातो. पाच मिनिटांचं काम आहे, पैसे लागत नाहीत. त्यात तुम्ही स्वतः क्रेडिट भरू शकत नाही. ती कॉलेज किंवा विद्यापीठच चढवतं. खातं रिकामं दिसलं म्हणून घाबरू नका आणि दुसरं खातंही उघडू नका. परीक्षा विभागाला पीआर नंबर, एबीसी नंबर आणि सेमिस्टरची यादी देऊन विचारा.

क्रेडिट न दिसण्याचं गोव्यातलं नेहमीचं कारण म्हणजे नाव. जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं ‘पोरोबो’, शाळेत ‘प्रभू’, आधारवर आणखी तिसरंच स्पेलिंग. कामत-कामोतीं, नाईकची दोन-तीन स्पेलिंगं, सिनायचं कुठं शेणय तर कुठं शेणवी. शिवाय मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी. लग्नानंतर आधारवर नाव बदललेल्या बायकांचं तर हमखास अडतं. संगणकाला हे सगळे वेगळे लोक वाटतात.

उपाय एकच : बारावीच्या मार्कशीटवरचं नाव प्रमाण धरा आणि बाकी सगळं त्याला जुळवा. आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, तेव्हा एकदाच आणि अक्षर न् अक्षर तपासून बदला. स्पेलिंगपुरता फरक असेल तर आधीच्या कागदाच्या पुराव्यावर काम होतं. नावच वेगळं असेल तर गोव्याचा नाव व आडनाव बदलाचा १९९० चा कायदा आहे, त्या मार्गानं जावं लागेल आणि ते आटोपल्यावरच बाकी अर्ज करा.

दोन नियम इथंच सांगून टाकतो. एबीसीतलं क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं जिवंत राहतं. आणि एकदा एका पदवीसाठी वापरलं की ते खात्यातून वजा होतं. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली आहे, म्हणून काहींना वाटतं एकच पेपर दोन्हीकडे धरता येईल. येत नाही.

स्वयम आणि एनपीटेल

अमेरिकेत क्लेप नावाची परीक्षा असते. वर्गात न बसता, कोर्स न करता थेट परीक्षा द्यायची आणि कॉलेज क्रेडिट मिळवायचं. अशी सोय आपल्याकडे सरसकट नाही. पूर्वी मिळवलेल्या शिक्षणाला आणि अनुभवाला मान्यता देण्याची तरतूद यूजीसीच्या २०२५ च्या नियमांत आली आहे, पण ती राबवणं विद्यापीठाच्या हातात आहे. तेव्हा बारा वर्षं हॉटेलात काढली म्हणून हॉस्पिटॅलिटीची क्रेडिट आपोआप मिळतील असं धरून चालू नका. सध्या सगळ्यात जवळचा मार्ग म्हणजे स्वयम, केंद्र सरकारचं ऑनलाइन कोर्सचं पोर्टल.

शिकणं फुकट, परीक्षेला फी. २०२१ च्या नियमानुसार एका सेमिस्टरमधल्या एकूण कोर्सपैकी ४० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयमवरून करता येतात. म्हणजे सेमिस्टरला पाच पेपर असतील तर दोन. ही कमाल मर्यादा आहे. कॉलेज त्याहून कमीही मान्य करू शकतं.

कोर्स कुठला घ्यायचा? एनपीटेलमध्ये (स्वयमवरचे आयआयटी वगैरेंनी चालवलेले कोर्स) चार आठवड्यांच्या कोर्सला १, आठला २ आणि बारा आठवड्यांच्या कोर्सला ३ क्रेडिट. इथंच पहिली ठेच लागते. तुमचा मायनरचा पेपर ४ क्रेडिटचा आणि कोर्स ३ चा, मग तो पेपर भरत नाही. ‘३ तरी द्या’ असं चालत नाही. बीए-बीकॉमवाल्यांनी आधी सीईसी (यूजीसीची शैक्षणिक संवाद संस्था) आणि इग्नूनं (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ) स्वयमवर टाकलेले कोर्स बघावेत. त्यात ४ क्रेडिटचे पुष्कळ असतात आणि विषयही आपल्या सिलॅबसच्या जवळचे. एनपीटेल विज्ञान, संगणक, व्यवस्थापनाला चांगलं.

मार्कांची पद्धत दोन्हीकडे वेगळी आहे. एनपीटेलमध्ये असाइनमेंटला २५ आणि परीक्षेला ७५. असाइनमेंटमध्ये १० आणि परीक्षेत ३०, हे दोन्ही लागतात. एखाद्याला असाइनमेंटमध्ये २४ आणि परीक्षेत २८ मिळाले तर बेरीज ५२ होते, पण सर्टिफिकेट मिळत नाही. बाकीच्या स्वयम कोर्सांत अंतर्गत ३० टक्के, परीक्षा ७० टक्के आणि दोन्हींत स्वतंत्रपणे ४० टक्के. असाइनमेंट घरी बसून, व्हिडिओ मागे-पुढे करून सुटतात, त्यामुळे भरघोस मार्क पडतात आणि तयारी झाली असं वाटायला लागतं. परीक्षा केंद्रावर, कॅमेऱ्यासमोर, पुस्तकाविना असते. शेवटचे तीन आठवडे जुन्या असाइनमेंटचे प्रश्न घड्याळ लावून पुन्हा सोडवा. ज्यांची परीक्षा हुकते त्यातले बरेच जण एवढंच करत नाहीत.

बारा आठवड्यांच्या एनपीटेल कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. जुलैच्या बॅचमध्ये चवथ मध्येच येते. घरी गणपती, माटोळी, पाहुणे आणि असाइनमेंटची मुदत काही वाढत नाही. तेव्हा चार असाइनमेंटची ती सवलत चवथीसाठी राखून ठेवा, सुरुवातीच्या आठवड्यांतच आळसात घालवू नका.

कोर्सला नाव घालणं आणि परीक्षेला नाव घालणं ही दोन वेगळी कामं आहेत. दुसरं राहिलं तर बाराही आठवडे पाण्यात. परीक्षेची नोंदणी कोर्स चालू असतानाच बंद होते. फी एनपीटेलला कोर्समागे १,००० रुपये. फॉर्मवर नाव बारावीच्या मार्कशीटप्रमाणे, एबीसी नंबर न विसरता, आणि परीक्षा केंद्राचं शहर बघून. तारवट्यांनी नोंदणीआधी जॉइनिंगची तारीख बघावी. जुलै बॅचची परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास आणि जानेवारी बॅचची एप्रिल-मेच्या सुमारास येते, आणि ती जहाजाच्या केबिनमधून देता येत नाही.

मान्यतेचं पत्र

नोंदणीच्या आधी कॉलेजच्या प्राचार्यांना एक पानी अर्ज द्या. ‘स्वयमचा कोर्स करू का?’ असा मोघम प्रश्न विचारला की ‘करा, करा’ असं उत्तर येतं आणि त्याचा अर्थ काहीच नसतो. अर्जात एवढं असू द्या :

‘मी, पीआर नंबर अमुक, सेमिस्टर ५ मधील तमुक कोडच्या ४ क्रेडिटच्या मायनर पेपरऐवजी स्वयमवरील अमुक नावाचा, अमुक आठवड्यांचा, ४ क्रेडिटचा कोर्स जुलै सत्रात करू इच्छितो. दोन्हींचे सिलॅबस सोबत जोडले आहेत. हा कोर्स उत्तीर्ण झाल्यास सदर पेपरची क्रेडिट त्याच खणात धरली जातील काय, आणि ग्रेड कशी नोंदवली जाईल, हे लेखी कळवावे ही विनंती.’

सोबत दोन रकान्यांचा तक्ता : डावीकडे आपल्या पेपरचे घटक, उजवीकडे ऑनलाइन कोर्सचे आठवडे. जिथं जुळत नाही तिथं रिकामं ठेवा, उगाच ओढूनताणून जुळवू नका, प्राध्यापकांच्या ते लगेच लक्षात येतं. घटकांचा मोठा भाग जुळत असेल तर गोष्ट पुढे जाते. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर इनवर्डचा शिक्का आणि नंबर घ्या. ज्या कॉलेजांत एनपीटेलचं लोकल चॅप्टर असतं तिथं त्यासाठी एक प्राध्यापक नेमलेले असतात. आधी त्यांना भेटलात तर अर्ज कुठं अडकतो ते कळतं.

तोंडी होकारावर विसंबू नका. होकार देणाऱ्यांची बदली होते, नवे येतात, आणि त्यांना तुमचं काही माहीत नसतं.

बॅक

राहिलेले पेपर हा सगळ्यात स्वस्त मार्ग, आणि का कोण जाणे, लोक त्याकडे शेवटी वळतात. टर्म पूर्ण झाली आहे, हजेरी झाली आहे, नापास फक्त सत्रान्त परीक्षेत, मग परत वर्गात बसायचं नसतं. रिपीटर म्हणून फॉर्म भरायचा. आयएसएचे, म्हणजे सत्रातल्या अंतर्गत परीक्षेचे, मार्क पुढे धरले जातात की तीही पुन्हा द्यायची हे कॉलेजच्या परीक्षा विभागाला विचारा.

अडचण येते अभ्यासक्रम बदलला की. तुमचा जुना पेपर आता शिकवलाच जात नाही. अशा वेळी जुन्या पेपरला नवा समकक्ष पेपर कोणता याची यादी विद्यापीठ काढतं. ती मागून घ्या आणि कुठल्या सत्रापर्यंत जुन्या सिलॅबसवर परीक्षा होणार ते बघा. पदवीची एकूण मुदत उलटली असेल तर विशेष संधीसाठी अर्ज करता येतो का, त्याची परिपत्रकं परीक्षा विभाग काढतो. ती वर्तमानपत्रांत ठळक छापून येतीलच असं नाही, म्हणून सत्राच्या सुरुवातीला विद्यापीठाचं संकेतस्थळ चाळत राहा.

कॉलेज बदलणं वेगळं, विद्यापीठ बदलणं वेगळं

सांखळीहून मडगावला गेलात तर पदवी गोवा विद्यापीठाचीच राहते. चौगुलेसारख्या स्वायत्त कॉलेजातही पदवी विद्यापीठाचीच मिळते, फक्त सिलॅबस वेगळा असतो, त्यामुळे पेपर जुळवावे लागतात.

पुणे, बेळगाव किंवा मुंबईच्या विद्यापीठात जायचं तर एबीसीच्या २०२१ च्या नियमांतली अट आडवी येते : निदान ५० टक्के क्रेडिट पदवी देणाऱ्या संस्थेत मिळवलेली असली पाहिजेत. वरच्या उदाहरणातल्या मुलीकडे ६८ आहेत. १२० च्या पदवीत बाहेरची ६० च चालतील, म्हणजे आठ तिथल्या तिथे गेली. शिवाय नव्या विद्यापीठाचे स्वतःचे सक्तीचे पेपर असतात, ते निराळे. दोन वर्षं झाली असतील तर गोव्यातच पूर्ण करणं बहुतेकांना परवडतं. एकच वर्ष झालं असेल तर बदलायला हरकत नाही. कायदा, नर्सिंग, फार्मसी यांना त्यांच्या-त्यांच्या परिषदांचे नियम लागतात, तिथं वरचा हिशोब लावू नका.

इग्नू

नोकरी सोडता येत नाही, वर्गात बसता येत नाही, अशांसाठी इग्नू. गोव्यात त्यांचं विभागीय केंद्र आहे. दूरशिक्षणाच्या प्रवेशाला आता यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाचा डीईबी आयडी लागतो आणि तो काढायला एबीसी नंबर लागतो, म्हणजे नावाची भानगड आधी मिटवलेली बरी.

इग्नूचा बीए किमान तीन आणि कमाल सहा वर्षांचा आहे. जुनी क्रेडिट न्यायची तर आधी प्रवेश घ्यावा लागतो, मग मार्कशीट आणि सिलॅबस जोडून क्रेडिट ट्रान्सफरचा अर्ज करायचा. इथंही निम्मी क्रेडिट इग्नूतूनच हवीत. आकडे मात्र थेट जुळवू नका : इग्नूचं एक क्रेडिट म्हणजे सगळ्या अभ्यासाचे मिळून ३० तास, तुमच्या कॉलेजचं १५ तासांचं. तुलना विषयाची आणि घटकांची होते, आकड्यांची नाही.

अर्जाचं उत्तर यायला वेळ लागतो. तोवर हात बांधून बसू नका आणि जे पेपर माफ होतील असं वाटतं त्यांच्या असाइनमेंटही लिहू नका. जे कसंही करून द्यावेच लागणार आहेत ते आधी उरका. असाइनमेंट ३० टक्के, परीक्षा ७० टक्के. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये. असाइनमेंट न देता परीक्षेला बसलं आणि पास झालं तरी निकाल पूर्ण होत नाही. असे लटकलेले निकाल पुष्कळांचे असतात. बोटीवर जाणाऱ्यांनी असाइनमेंट घरून निघण्याआधी देऊन टाकाव्या.

मराठी माध्यमासाठी पेडणे, डिचोली, सत्तरीतले लोक नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं नाव काढतात. राज्याच्या मुक्त विद्यापीठाला आपल्या राज्याबाहेर केंद्र चालवता येत नाही, तेव्हा अभ्यासकेंद्र आणि परीक्षा दोन्ही महाराष्ट्रात, म्हणजे जवळचं म्हटलं तर सिंधुदुर्गात. गोव्याच्या पत्त्यावर प्रवेश मिळतो का हे त्या केंद्रात विचारूनच फी भरा.

परदेशात असाल तर

स्विंडनला किंवा लिस्बनला स्थायिक झालेल्यांनी गोव्याच्या १२० चा तिथल्या आकड्याशी मेळ घालायला जाऊ नये. ब्रिटनमध्ये ऑनर्स पदवी ३६० क्रेडिटची, युरोपातल्या ईसीटीएस पद्धतीत वर्षाला ६०, म्हणून तीन वर्षांना १८०. रूपांतर प्रवेश देणारं विद्यापीठ करतं आणि त्याला लागतो तो इथला ट्रान्सक्रिप्ट, सीलबंद किंवा थेट विद्यापीठाकडून पाठवलेला. तो मागवायला गोव्यात कोणाला तरी अधिकारपत्र देऊन ठेवा. चवथीला घरी याल तेव्हा सिलॅबसच्या शिक्क्याचं कामही करून घ्या, ते पोस्टानं होत नाही.

‘सिंगल सिटिंग’वाले

‘एका वर्षात पदवी, जुन्या तारखेची मार्कशीट, परीक्षेला यायची गरज नाही’ अशी जाहिरात करणारे एजंट अर्धवट पदवीवाल्यांना बरोबर हेरतात. क्रेडिट जोडण्याच्या कुठल्याही खऱ्या पद्धतीत मागची तारीख नसते. विद्यापीठ यूजीसीच्या यादीत आहे का आणि दूरशिक्षण असेल तर तोच कोर्स, त्याच वर्षासाठी, डीईबीच्या मान्य यादीत आहे का, हे दोन्ही स्वतः तपासा. विद्यापीठ खरं आणि कोर्स अमान्य, अशीही प्रकरणं होतात. सरकारी नोकरीत कागदपत्रांची पडताळणी होते तेव्हा एजंटचा फोन लागत नाही.

शेवटच्या निकालानंतर

शेवटच्या मार्कशीटवर बाहेरून आलेला प्रत्येक पेपर कोड, क्रेडिट आणि ग्रेडसह चढला आहे का ते खिडकीवरच उभं राहून तपासा. क्रेडिट चढली पण ग्रेडची जागा कोरी राहिली, असं झालं तर सीजीपीए चुकतो आणि पुढे एमएच्या प्रवेशाला अडतं. दुरुस्तीचा अर्ज त्याच दिवशी द्या, सोबत मान्यतेच्या पत्राची इनवर्ड नंबरची प्रत. मग एबीसीत क्रेडिट वजा झाल्याची नोंद बघा, पासिंग सर्टिफिकेट घ्या आणि पदवीदान समारंभाचा फॉर्म मुदतीत भरा. तो आपोआप भरला जात नाही. समारंभाला यायला जमणार नसेल तर पदवी गैरहजेरीत घेण्याचा पर्याय त्याच फॉर्मवर निवडा.